हेरकथेची फजिती

श्रोतेहो, समजा, ह्या भाषणाच्या आधी आपण वाद्यवृंद ऐकत होता. सूर कानाला गोड लागत होते, हाताने नकळत मांडीवर ताल धरला होता. आणि समजा, मी आता आपल्याला सांगितले, की त्या वाद्यवृंदात एक स्वरावली मध्येच दोनदा आली, ती वादकाची चूक नव्हती. समुद्रात दबा धरून बसलेल्या एका पाणबुडीला तो निरोप होता, की अमुक बंदरातून अमुक दिवशी इतकी जहाजे निघत आहेत. आपण काय कराल? पहिल्यांदा हसाल. मग क्षणभर रेडिओकडे निरखून पाहाल. आणि पुन्हा केव्हा वाद्यवृंद लागला, तर कान जरा जास्तच टवकाराल, नाही का?

हे हसणे आणि हे कान टवकारणे, दोन्ही ज्याने एकाच वेळी प्रेक्षकांकडून करवून घेतले, अशा एका जुन्या इंग्रजी बोलपटाविषयी आज बोलायचे आहे. त्याचे नाव ‘लेट जॉर्ज डू इट’. आपल्या भाषेत सांगायचे, तर ‘जॉर्ज करील की!’ घरात एखादे नकोसे काम निघाले, की आपण कसे म्हणतो, ‘धाकटा जाईल की!’ तसलाच हा प्रकार. हा बोलपट १९४० सालचा. लंडनजवळच्या ईलिंग स्टुडिओतला. निर्माता मायकेल बॉल्कन, दिग्दर्शक मार्सेल व्हार्नेल हा मूळचा फ्रेंच गृहस्थ, आणि नायक जॉर्ज फॉर्म्बी. युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत निघालेला हा विनोदी संगीतपट. त्यात गाणी आहेत, धावाधाव आहे, प्रेम आहे, आणि सगळ्यात मौजेची गोष्ट म्हणजे, हेरकथेची यथेच्छ फजिती आहे.

आता फजिती कशाची, हे कळायला आधी हेरकथेचा साचा पाहिला पाहिजे. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडाने आणि झुंजारने ज्यांच्या रात्री जागवल्या, त्यांना रहस्याची चटक काय चीज असते, हे सांगायला नको. इंग्रजीतली हेरकथा तशी विसाव्या शतकाच्या आरंभीची. अर्स्किन चिल्डर्स ह्याची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ १९०३ साली निघाली. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये, जॉन बकनची ‘द थर्टी नाइन स्टेप्स’ आली. तिच्यावरून १९३५ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकने बोलपट केला, आणि १९३८ मध्ये त्याचाच ‘द लेडी व्हॅनिशेस’ आला. ह्या साऱ्या कथांत नायक देखणा असतो, थंड डोक्याचा असतो. त्याला आगगाडीतून उडी मारता येते, आणि उडी मारल्यावर कपडे चुरगळत नाहीत. वाटेत एक सुंदर तरुणी भेटते. ती शत्रूची, की आपली, हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि एक गुपित असते, त्याच्यावर साऱ्या राष्ट्राचे भवितव्य लटकलेले असते.

हिचकॉकने ह्या गुपितात एक मोठी खुबी केली होती. पहिल्या बोलपटात ते गुपित कागदावर नसून नाट्यगृहात स्मरणशक्तीचे प्रयोग करून दाखवणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात असते. दुसऱ्यात तर ते चक्क एका चालीत दडवलेले असते. चाल पाठ करायची आणि लंडनला जाऊन गुणगुणून दाखवायची! म्हणजे संगीत आणि हेरगिरी ह्यांचे लग्न हिचकॉकनेच लावून ठेवले होते. ईलिंगच्या मंडळींनी त्या लग्नाची वरात काढली. ‘लेट जॉर्ज डू इट’ लिहिणाऱ्यांत अँगस मॅकफेल होता. पुढे १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’साठी त्याने हिचकॉकबरोबर काम केले. तेव्हा थट्टा करणारे लोक परके नव्हते. साचा कसा ओततात, हे ठाऊक असणाऱ्यांनीच तो वाकवला होता.

कथा थोडक्यात सांगतो. नॉर्वेतले बर्गन शहर. युद्ध सुरू झाले आहे, पण नॉर्वे अजून तटस्थ आहे. तिथल्या एका हॉटेलात एक वाद्यवृंद आहे, आणि त्याचे कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित होतात. वाद्यवृंदाचा म्होरक्या मेंडेझ हा जर्मनांचा हेर आहे. ब्रिटिश जहाजांच्या हालचालींची खबर तो गतींच्या आणि गाण्यांच्या सांकेतिक भाषेत जर्मन पाणबुड्यांना पोचवतो. इकडे हॉटेलात लोक टाळ्या वाजवतात, आणि तिकडे समुद्रात जहाजे बुडतात. ह्या वाद्यवृंदात युकुलेले वाजवणारा एक जण खरे म्हणजे ब्रिटिशांचा माणूस. तो मारला जातो. त्याच्या जागी दुसरा युकुलेलेवाला हेर ताबडतोब धाडायचा आहे.

आता पाहा दैवाचा खेळ. इंग्लंडात ब्लॅकआउट आहे, रस्त्यावर मिट्ट काळोख आहे. जॉर्ज नावाचा एक भाबडा कलावंत आपल्या ‘डिंकी डूज’ नावाच्या मंडळीबरोबर ब्लॅकपूलला खेळ करायला निघाला आहे. त्याच्या हातात युकुलेले आहे. काळोखात चुकामूक होते, आणि हा पठ्ठ्या ब्लॅकपूलच्या ऐवजी बर्गनच्या बोटीवर! बर्गनला उतरल्यावर हॉटेलात स्वागतिकेचे काम करणारी मेरी त्याला परवलीच्या भाषेत बोलते. तीही ब्रिटिशांच्या गुप्तचर खात्यातली. ती समजते, हाच लंडनहून आलेला तरबेज हेर. जॉर्ज समजतो, ही सुंदर मुलगी आपल्यावर भाळली. दोघांचेही खरे नसते, आणि दोघांचेही शेवटी खरे होते.

मग काय! संकेतांची वही हुडकायची, तिचे फोटो काढायचे, पाठलाग, लपाछपी, वेषांतर. हेरकथेतली एकूण एक सामग्री हजर आहे. फरक एवढाच, की जी गोष्ट तिथे नायक सहज करतो, ती इथे जॉर्जच्या हातून चुकून होते. शेवटी तो एका जर्मन पाणबुडीत सापडतो, आणि पाणतीर सोडायच्या नळीतून बाहेर फेकला जातो. हेरकथेतला नायक शत्रूच्या तावडीतून निसटतो. आमच्या जॉर्जला शत्रूच बाहेर सोडतो, आणि तोही पाणतीर म्हणून!

हा जॉर्ज, म्हणजे जॉर्ज फॉर्म्बी, कोण होता? लँकेशायरमधल्या विगन ह्या गिरणी-खाणींच्या गावात १९०४ साली त्याचा जन्म झाला. बाप त्याच नावाने गाजलेला विनोदी नट. मुलाने रंगभूमीवर येऊ नये म्हणून बापाने त्याला लहानपणीच घोड्यावर बसवले, आणि जॉकी केले. १९२१ साली बाप वारला, तेव्हा हा पोरगा बापाचेच विनोद आणि बापाचीच गाणी घेऊन रंगमंचावर उभा राहिला. पुढे त्याला एक वाद्य गवसले. युकुलेलेसारख्या चार तारा आणि बँजोसारखे कातडी मढवलेले गोल तोंड, असे ते इवलेसे वाद्य. त्याच्या हातात ते लहान पोराच्या खेळण्यासारखे दिसे, पण उजव्या मनगटाचा झपाटा असा, की मोठमोठे वादक पाहत राहात. चेहरा लांबोडा, दात पुढे, बोली अस्सल लँकेशायरची. गाणी जराशी चावट. खिडक्या पुसणाऱ्या माणसाला खिडकीतून काय काय दिसते, हे सांगणारे त्याचे १९३६ चे गाणे बी.बी.सी.च्या पचनी पडले नव्हते. लोकांच्या मात्र ते तोंडी होते. त्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात तिकिटांच्या विक्रीत त्याच्या तोडीचा देशी नट क्वचितच होता.

आपल्या तमाशातला सोंगाड्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे फॉर्म्बीची जात लगेच कळेल. सोंगाड्या मूर्ख दिसतो. राजा त्याला हसतो, प्रधान त्याला दटावतो. पण सगळ्यांचे बिंग बाहेर पडते ते त्याच्याच एखाद्या अडाणी प्रश्नाने. गिरणीत काम करणाऱ्या, हप्त्याला पगार घेणाऱ्या प्रेक्षकाला हेरकथेतला सुटाबुटातला नायक कधी आपला वाटला नव्हता. जॉर्ज आपला वाटे. तो घाबरतो, अडखळतो, मार खातो, आणि हे सगळे झाल्यावर जिंकतो. ‘ह्याला जमते, तर मला का जमू नये?’ असे प्रत्येक जण घरी जाताना म्हणत असला पाहिजे.

आता मी मुद्द्यावर येतो. हा बोलपट केव्हा आला, ते ध्यानात घ्या. १ सप्टेंबर १९३९ पासून इंग्लंडात दिवेबंदी सुरू झाली. ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले गेले, आणि सरकारने पहिला हुकूम काढला तो सारी चित्रपटगृहे बंद करण्याचा. बाँब पडला, तर एका जागी शेकडो माणसे मरतील, ही भीती. पण थोड्याच दिवसांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. काळोखात, घरात, भीती उराशी धरून बसलेली माणसे अधिकच खचतात, हे ध्यानी आले. मग १९४० साल उजाडले. ९ एप्रिलला जर्मनांनी नॉर्वेवर झडप घातली, आणि बर्गन पहिल्याच दिवशी पडले. जूनच्या आरंभी डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्रज फौजा जीव घेऊन परतल्या. १४ जूनला पॅरिस पडले. त्या उन्हाळ्यात हा बोलपट लोकांपुढे आला. म्हणजे पडद्यावरचे तटस्थ, दिव्यांनी लखलखणारे बर्गन तोवर जर्मनांच्या टाचेखाली होते. दिग्दर्शकाची जन्मभूमी शत्रूला शरण गेली होती. आणि बघणाऱ्यांना ठाऊक होते, की आता पाळी आपली.

अशा वेळी बाहेरच्या शत्रूपेक्षाही घरातल्या शत्रूची भीती मोठी असते. ‘पंचमस्तंभी’ हा शब्द त्या दिवसांत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही फार चाले. नॉर्वे, हॉलंड, फ्रान्स इतक्या झटपट कसे पडले? आतून कोणीतरी दार उघडले असणार, हे लोकांनी गृहीत धरले. मग काय, प्रत्येक परकी उच्चाराचा माणूस हेर दिसू लागला. रात्री खिडकीतून उजेड दिसला, तर तो विमानांना खूण. पाटीवर खडूची रेघ दिसली, तर तो संकेत. त्या मे-जून महिन्यांत इंग्लंडच्या सरकारने हजारो जर्मन, ऑस्ट्रियन आणि इटालियन रहिवाशांना धरून छावण्यांत टाकले. त्यांत कित्येक तर हिटलरच्याच छळाला भिऊन पळून आलेले ज्यू होते. अशा बंदिवानांना कॅनडाकडे घेऊन जाणारी ‘अरँडोरा स्टार’ ही बोट २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडवली. ८०० हून अधिक माणसे गेली. त्यांत वर्षानुवर्षे इंग्लंडात खानावळी आणि आइस्क्रीमची दुकाने चालवणारे साधे इटालियन लोकही होते. हेरांच्या भीतीने त्यांचा बळी घेतला, हे म्हणणे अवघड वाटले, तरी टाळता येण्यासारखे नाही.

भीतीला आवर कसा घालायचा, हा त्या वेळी सरकारपुढेही प्रश्न होता. त्याची दोन उत्तरे इंग्लंडात निघाली, आणि दोन्ही बोधप्रद आहेत. १९४० च्या आरंभी ‘फूगास’ ह्या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या केनेथ बर्ड ह्या व्यंगचित्रकाराने काही भित्तिपत्रके काढली. बसमध्ये दोन बायका गप्पा मारत आहेत, आणि मागच्या बाकावर हिटलर आणि गोअरिंग कान देऊन बसले आहेत, असे ते चित्र. पाहणारा खुदकन हसे, आणि हसता हसता जीभ आवरे. उलट, जुलै १९४० मध्ये सरकारने ‘मूक स्तंभ’ नावाची मोहीम काढली. अफवा पसरवणाऱ्याला, निराशेचे बोलणाऱ्याला गप्प बसवा, वेळ पडली तर पोलिसांना कळवा, असा तिचा रोख. लोकांवर खटले भरले गेले. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. लोक इतके चिडले, की त्याच महिन्यात चर्चिलला ती मोहीम गुंडाळावी लागली. जे हुकमाने साधले नाही, ते हास्याने साधले होते.

‘लेट जॉर्ज डू इट’ची किंमत मला वाटते ती ह्या ठिकाणी. त्याने लोकांना ‘हेर नाहीतच’ असे खोटे आश्वासन दिले नाही. त्यातला मेंडेझ खरा हेर आहे. त्याच्या संगीताने खरी जहाजे बुडतात. तो माणूस मारतो. पण बोलपटाने त्या हेराला माणसाच्या आकाराचा केला. भिंतीआड, सावलीत, सगळीकडे असणारे भूत त्याने उजेडात आणून बसवले, आणि त्याच्यापुढे एक युकुलेले धरले. भूत जेवढे अदृश्य, तेवढे मोठे असते. दिसले, की त्याचे मोजमाप घेता येते.

त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग स्वप्नाचा आहे. जॉर्जला शत्रू औषध देतात. त्या गुंगीत त्याला स्वप्न पडते, की शहरावर बांधलेल्या संरक्षक फुग्यांपैकी एका फुग्याला लटकून तो थेट जर्मनीत उतरतो. खाली नाझींची प्रचंड सभा चालू आहे. हिटलर व्यासपीठावर आहे. आमचा जॉर्ज जातो आणि त्याच्या तोंडावर एक ठोसा लगावतो. बस्स, एवढेच. चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ अजून यायचा होता. तो अमेरिकेत ऑक्टोबर १९४० मध्ये लागला, आणि लंडनमध्ये डिसेंबरात. त्याआधी विगनच्या ह्या पोराने प्रेक्षकांच्या वतीने हात उगारला होता. जनमताची निरीक्षणे टिपणाऱ्या ‘मास ऑब्झर्वेशन’ ह्या संस्थेनेही ह्या प्रसंगाला मिळालेल्या जोरदार दादेची दखल घेतली. अमेरिकेत तर बोलपटाचे नावच ‘टू हेल विथ हिटलर’ ठेवण्यात आले. आणि नवल म्हणजे, युद्धकाळात सोव्हिएत रशियातही हा बोलपट लागला, आणि तिथे ‘डिंकी जॅझमधला जॉर्ज’ ह्या नावाने फार लोकप्रिय झाला. लँकेशायरची बोली मॉस्कोत कोणाला कळणार? पण ठोसा कळायला भाषा लागत नाही.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. हा ठोसा स्वप्नात आहे. लेखकांनी तो जागेपणी मारू दिला नाही. म्हणजे हसणाऱ्यालाही ते सांगत होते, ‘बाबा रे, ही इच्छा आहे, घडलेली गोष्ट नव्हे.’ ह्या प्रामाणिकपणामुळे तो प्रसंग बढाई वाटत नाही.

आता वास्तवाची गंमत ऐका. कल्पनेने जे रचले, ते प्रत्यक्षाने खरे करून दाखवले. गाण्यातून निरोप पाठवण्याची युक्ती बोलपटात जर्मनांच्या नावावर होती. पुढे तीच युक्ती लंडनने वापरली. बी.बी.सी.च्या पोलिश कार्यक्रमात ठराविक गाणी वाजवून पोलंडमधल्या भूमिगत सैनिकांना कळवले जाई, की आज रात्री विमानातून सामान उतरणार आहे, तयारीत राहा. फ्रेंच कार्यक्रमात वरवर निरर्थक वाटणारी वाक्ये वाचून दाखवत, आणि ज्याच्यासाठी ती असत, त्यालाच त्यांचा अर्थ कळे. एखाद्या शेतघरात रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाला ते गाणे लागले, की उठून काळोखात जावे लागे. त्याला हसू येत नसणार. पकडला गेला, तर मृत्यूच होता.

आणि ‘भित्र्या, बावळट हेरा’ची थट्टाही अशीच खरी ठरली. ३ सप्टेंबर १९४० च्या पहाटे चार जण जर्मनांचे हेर म्हणून केंटच्या किनाऱ्यावर उतरले. शिक्षण जेमतेम, तयारी त्याहून कमी. त्यांतला एक सकाळी सकाळी गावच्या मद्यगृहात गेला, आणि सायडर मागू लागला. इंग्लंडात त्या वेळी मद्य विकण्याच्या वेळा ठरलेल्या असत, हे गावातल्या पोरालाही ठाऊक. ह्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. तिथेच संशय आला, आणि बघता बघता सगळे सापडले. जॉर्जच्या बोलपटात हा प्रसंग घातला असता, तर ‘फारच ओढूनताणून आणला’ असे कोणी म्हणाले असते. पुढल्या काळात उघड झालेल्या कागदपत्रांवरून तर असे दिसते, की युद्धकाळात इंग्लंडात पाठवलेले जर्मन हेर जवळजवळ सगळे पकडले गेले, आणि त्यांतले कित्येक उलटे इंग्रजांसाठी काम करू लागले. ज्या पंचमस्तंभाने देशाची झोप उडवली होती, तो बव्हंशी लोकांच्या मनातच उभा होता.

पण इथे मला थांबावेसे वाटते. ज्याने सायडर मागितली, त्याचे पुढे काय झाले? त्याच डिसेंबरात त्याला लंडनच्या तुरुंगात फाशी दिली. चौघांपैकी तिघे फासावर गेले. एक निर्दोष सुटला. ही माहिती कळल्यावर सायडरच्या गोष्टीला पहिल्यासारखे हसता येत नाही. गोष्ट तीच, माणूस तोच, पण हसू घशात अडकते.

हास्याची सीमा कुठे, ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा ह्या अडकलेल्या हसण्यात शोधावे. चॅप्लिनने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की जर्मन छळछावण्यांत खरोखर काय चालले आहे, हे आपल्याला त्या वेळी माहीत असते, तर आपण ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढू शकलो नसतो. त्याच्यासारख्या माणसाने हे लिहावे, ह्याला अर्थ आहे. १९४० चे प्रेक्षक जे जाणत नव्हते, ते आज आपण जाणतो. म्हणून त्यांचे हसणे चुकीचे ठरते काय? मला तसे वाटत नाही. ते हसत होते ते मरणाऱ्यांना नव्हे. ते हसत होते स्वतःच्या भीतीला, आणि जो त्यांना भिववत होता त्याच्या मिजाशीला. थट्टा वरच्याची केली, की ती औषध होते. खालच्याची केली, की विष होते. दोन्ही एकाच बाटलीत भरता येतात, ही मात्र मोठी पंचाईत आहे.

ह्याच बोलपटात त्याचा दाखला आहे. त्यातले एक गाणे मिस्टर वू नावाच्या चिनी धोब्यावर आहे. आता तो खिडक्या पुसतो, असा त्याचा विषय. चाल फर्मास, वादन त्याहून फर्मास. पण परक्या देशातून पोटासाठी आलेल्या एका गरीब माणसाची खिल्ली त्यात आहे, आणि आज ऐकताना ती बोचते. हिटलरच्या ठोशाला टाळ्या वाजवणारे लोक ह्या गाण्यालाही तितक्याच मनापासून हसले. त्या वेळी त्यांना हा फरक जाणवला नाही. आपल्याला जाणवतो, ह्यात आपला मोठेपणा नाही, मध्ये गेलेल्या वर्षांचा आहे.

फॉर्म्बीच्या बाबतीत मात्र एवढ्यावर हिशेब मिटत नाही. युद्ध चालू असताना तो सैनिकांची करमणूक करणाऱ्या ‘एन्सा’ ह्या संस्थेबरोबर फ्रान्सपासून मध्यपूर्वेपर्यंत आघाड्यांवर हिंडला. १९४४ मध्ये नॉर्मंडीत फौजा उतरल्यावर तो तिथे गेला, आणि १९४५ मध्ये त्याच इवल्याशा वाद्यासह ब्रह्मदेश, हिंदुस्थान आणि सिलोन असा दौराही त्याने केला. मग १९४६ साली तो आणि त्याची बायको बेरिल दक्षिण आफ्रिकेत गेली. तिथे काळ्या-गोऱ्यांनी वेगळे बसायचे, असा दंडक. ह्या जोडप्याने तो न जुमानता काळ्या प्रेक्षकांपुढे कार्यक्रम केले. तिथल्या सत्ताकांक्षी नॅशनल पार्टीचा पुढारी मलान ह्याने त्याबद्दल फोनवर हटकले, तेव्हा बेरिलने त्याला अशा शब्दांत झाडले, की ते इथे सांगण्याजोगे नाहीत. त्यांना तो देश सोडावा लागला. पडद्यावरचा ठोसा स्वप्नातला होता. हा जागेपणीचा होता, आणि तो ह्या वेळी बायकोने मारला.

जाता जाता आणखी एक. ह्या थट्टेच्या बोलपटात एका लहानशा भूमिकेत बर्नार्ड ली नावाचा नट दिसतो. १९६२ मध्ये जेम्स बाँडचा पहिला चित्रपट आला, आणि बाँडचा वरिष्ठ ‘एम’ म्हणून तोच ली त्यात टेबलामागे बसलेला दिसला. हेरकथेची फजिती झाली, म्हणून ती मेली नाही, हे ह्यावरून दिसतेच. ती कपडे झटकून उठली, आणि पूर्वीपेक्षा अधिक दिमाखात चालू लागली. साच्याची थट्टा झाली, की साचा मोडतो असे नाही. पाहणारा मात्र थोडा शहाणा होतो. पुन्हा तो देखणा नायक आगगाडीतून उडी मारू लागला, की मनात कुठेतरी युकुलेले वाजू लागते.

फॉर्म्बी ६ मार्च १९६१ रोजी वारला. बेरिल त्याच्या आधी दोन-अडीच महिने गेली होती. त्याचे बोलपट आज फारसे कोणी मुद्दाम पाहात नाही. त्यांतले कित्येक विनोद शिळे झाले आहेत, आणि ते शिळे झाले आहेत हे कबूल करायला हरकत नाही. पण ‘लेट जॉर्ज डू इट’ पाहायला मिळाला, तर जरूर पाहावा. पाहताना त्या उन्हाळ्यातला अंधारा रस्ता, खिडकीला लावलेला काळा कागद, आणि उद्या काय होईल ह्याची कल्पना नसलेला, तिकीट काढून आत आलेला माणूस मनात आणावा. बोलपट चालू असेपर्यंत तो मोठ्याने हसला. बाहेर पडला, तेव्हा काळोख होता तेवढाच होता. पण त्या काळोखात शेजारून चालणारा परका माणूस हेरच असला पाहिजे, अशी खात्री त्याला आता वाटत नसावी. संकटात सापडलेल्या समाजाला एवढी सवड मिळाली, तरी पुष्कळ झाले.

माझी वेळ संपली. ह्यानंतर वाद्यवृंद लागेल, तो निर्धास्तपणे ऐकावा. त्यात निरोप असलाच, तर तो आपल्या सर्वांसाठी आहे.